रिओहात सायकल, आणि सोबत द्राक्षवाला दादा

दिवस पहिला : लोग्रोन्यो

स्पेनमधल्या रिओहाला, म्हणजे तिथल्या वाईनच्या प्रदेशात, सायकल चालवायला जाणार असाल तर वाईनच्या आधी वाऱ्याची चौकशी करा. एब्रो नदीच्या खोऱ्यात वायव्येकडून थंड कोरडं वारं येतं, त्याला तिकडे सिएर्सो म्हणतात, आणि ते सुटलं की लोग्रोन्योहून पश्चिमेला जाणारा माणूस खालच्या गिअरमध्ये आयुष्याचा विचार करत बसतो. म्हणून आम्ही असं ठरवलं की जाताना उत्तर काठाने गावागावांत थांबत छोटे छोटे टप्पे मारायचे, म्हणजे वारं समोरून असलं तरी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटरच झेलायचं, आणि येताना दक्षिणेकडून लांब पल्ला, वारं पाठीवर घेऊन. हा हिशोब शेवटपर्यंत कामाला आला.

आम्ही म्हणजे मी आणि माझा आतेभाऊ. मी आइंडहोवनला नोकरीला, रोज सायकलवर ऑफिसला जातो पण हॉलंडमध्ये चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. दादा निफाडचा, साडेचार एकर द्राक्ष, माळकरी, वाईन सोडा पण चहासुद्धा दिवसातून दोनच वेळा. नाशिक-पंढरपूर सायकल वारी करणारा माणूस, त्यामुळे चढाची भीती त्याला नाही, मला होती. वाईनच्या प्रदेशात माळकऱ्याला कशाला नेतोस असं घरी सगळ्यांनी विचारलं, तर तोच म्हणाला, "पिणारे पितील, मी बाग बघायला चाललो." आणि सप्टेंबर अखेर निवडली कारण तिकडे तोडणी चालू असते आणि इकडे त्याची गोडी छाटणी (फळासाठीची) ऑक्टोबरात धरायची असते, तेवढीच फट होती.

बिल्बाओला उतरून बसने दोनेक तासात लोग्रोन्यो. सायकली तिथेच भाड्याने घेतल्या, चाळीस मिलीमीटरचे टायर, मागे दोन-दोन पॅनियर, म्हणजे चाकाच्या बाजूला लटकवायच्या बॅगा. रोड बाईक घेऊ नका, सांगून ठेवतो, कारण खरी मजा शेतरस्त्यांवर आहे आणि तिथे बारीक टायर चालत नाही. हेल्मेट गावाबाहेर सक्तीचं आहे. आणि अजून एक, दारू पिऊन सायकल चालवली तरी गाडीवाल्यांइतकाच दंड होऊ शकतो, रक्तात 0.5 ग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा सायकलवाल्यालाही लागू. म्हणजे बोडेगा टू बोडेगा (बोडेगा म्हणजे वाईन बनवायची जागा) चाखत फिरायचं हे फोटोत ठीक आहे. मी आपला ग्लास संध्याकाळी, सायकल कुलपात गेल्यावर.

संध्याकाळी काये लाउरेल. जुन्या गावातली अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना नुसते बार, आणि प्रत्येकाचा एकच एक पदार्थ ठरलेला, लोक एका ठिकाणी एक ग्लास एक पिंचो (काडीला टोचलेला छोटा घास) घेतात की पुढे सरकतात, बसायचं नाव नाही. एका ठिकाणी फक्त मशरूम, तव्यावर लसणाच्या तेलात परतलेले, तीन मशरूम एकावर एक, वर एक कोळंबी आणि खाली पावाचा तुकडा, सगळं एका काडीत ओवलेलं. दादासाठी कोळंबी नको असं हातवारे करून सांगितलं, तर त्या बाईंनी दुसऱ्या स्वच्छ तव्याच्या कोपऱ्यात वेगळे परतून दिले. प्यायला दादाला मोस्तो. मोस्तो म्हणजे न आंबवलेला द्राक्षाचा रस, स्पेनमध्ये जवळजवळ कुठल्याही बारमध्ये मिळतो, वाईनसारख्याच ग्लासात, आत एक ऑलिव्ह टाकून. दादाने एक घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि म्हणाला "सोळा-सतरा साखर असंल." आता पुढची सगळी ट्रिप तो हेच करणार हे मला तेव्हाच कळलं.

दिवस दुसरा : लोग्रोन्यो ते लाग्वार्दिया

अंतर वीस किलोमीटरच्या आसपास, पण लोग्रोन्यो साधारण 385 मीटरवर आणि लाग्वार्दिया 630 च्या वर, आणि तो चढ सगळा एकदम शेवटी नाही तर तुकड्या-तुकड्यांनी येतो, चढा, उतरा, परत चढा. एब्रो ओलांडली की थोड्याच वेळात अलावा लागतं, म्हणजे बास्क प्रदेश, पाट्यांवर स्पॅनिश आणि बास्क अशी दोन-दोन नावं सुरू होतात. वाईनच्या हिशोबाने मात्र हे रिओहाच. रिओहा वाईनचा पट्टा तीन भागांत आहे, रिओहा आल्ता, रिओहा अलावेसा आणि पूर्वेकडची रिओहा ओरिएंताल, आणि तो ला रिओहा, बास्क, नवार्रा असा सरकारी सीमा न जुमानता पसरलाय.

पहिल्याच शेतरस्त्याला लागलो आणि दादा थांबला. तसा तो पुढे रोज दहादा थांबायचा, पण हा पहिला थांबा लांबला. समोर जुनी बाग होती. मांडव नाही, तार नाही, अँगल नाही, ठिबक नाही. कमरेएवढं खोड, मनगटाहून जाड, वाकडंतिकडं, त्यातून तीन-चार हात फुटलेले आणि त्यावर काड्या मोकळ्या पसरलेल्या, घड पानांखाली जमिनीपासून वीतभर वर. छोटे घड, छोटे काळे मणी, जाड साल. तेंप्रानियो, इथली मुख्य जात. जमीन पांढुरकी, चुनखडीची, दगडगोटे.

"याला बाग म्हणू राह्यले का? निस्ती झुडपं लावून सोडली."

मग मी त्याला सांगितलं की इथे लाल द्राक्षाला हेक्टरी 6,500 किलोच्या वर माल काढलेला नियमात चालत नाही, पांढऱ्याला 9,000. त्याने उभ्या उभ्या एकरात हिशोब केला. अडीच-पावणेतीन टन. बराच वेळ काही बोलला नाही. आमच्याकडे एकरी दहा टन निघाले तर माणूस बरा बोलतो, बारा निघाले तर लग्न काढतो. अर्थात ती खायची द्राक्षं, मण्याची साईज हवी, साल पातळ हवी, म्हणून पाणी, जीए या संप्रेरकाच्या द्रावणात घड बुडवणं (डिपिंग), मणी विरळ करणं (थिनिंग) सगळं आलं. इथे उलटं, मणी जेवढा छोटा तेवढी साल जास्त आणि रंग-चव सगळी सालीत. वर्षातून एकच छाटणी, हिवाळ्यात, वेल झोपलेला असताना. आमच्याकडे वेल झोपतच नाही म्हणून दोनदा छाटावं लागतं, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी. दादा म्हणाला, "म्हणजे यांचं थंडी करते ते आपल्याला कात्रीनं करायला लागतं." इतक्या नेमक्या शब्दांत मला कुणी कधी हे सांगितलं नव्हतं.

शेवटचा चढ लाग्वार्दियाचा, टेकडीवर तटबंदीचं गाव, लांबून दिसायला लागतं आणि मग अर्धा तास जवळच येत नाही. दादा वर जाऊन बाकावर बसला होता, मी पोचलो तेव्हा त्याची केळी खाऊन झाली होती.

गावात आत गाडी आणता येत नाही कारण गावाखालचा डोंगर आतून पोखरलेला आहे, घरोघरी तळघरं, दोनशेहून जास्त असतील. पूर्वी आसऱ्यासाठी, लढाईसाठी खोदलेली, नंतर तिथेच वाईन ठेवायला लागले कारण बारा महिने गारवा सारखा. एका तळघरात उतरलो, पायऱ्या ओल्या, दगडी टाक्या, आणि वरच्या झरोक्यातून रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसत होते. सांता मारिया दे लोस रेयेस या चर्चचा दगडी दरवाजा बघाच, कोरीवकाम चौदाव्या शतकातलं आणि त्यावरचे रंग सतराव्या शतकातले, आत बंदिस्त असल्यामुळे रंग अजून टिकलेत. दादाने मूर्तींच्या डोळ्यांचं काम बघत अर्धा तास काढला, मला वाटलं होतं पाच मिनिटांत बाहेर येईल.

दिवस तिसरा : लाग्वार्दियाच्या आसपास

सामान हॉटेलवर टाकून हलक्या सायकलीवर गोल चक्कर. खाली पाणथळ तळी आहेत, लोकांनी दुर्बिणी लावलेल्या, आम्हाला पक्ष्यांतलं फार कळत नाही, पुढे निघालो. इसिओस नावाची बोडेगा, सांतियागो कालात्रावाने 2001 मध्ये बांधलेली, छप्पर लाटालाटांचं आणि मागे तशीच सिएर्रा दे कांताब्रियाची रांग. त्या डोंगरामुळेच हा सगळा पट्टा आहे, उत्तरेकडून समुद्राचे ढग येतात ते तिथे अडतात, आणि अलीकडे कोरडं ऊन. सकाळी बघितलं तर अक्षरशः ढग कड्यावरून अर्धे खाली सांडतात आणि हवेत विरून जातात, गावात एक थेंब नाही. द्राक्षाला अजून काय पाहिजे, दादा म्हणाला, आमच्याकडे नेमका फुलोऱ्यात पाऊस.

एल्विय्यारकडे एक दोल्मेन आहे, हजारो वर्षांपूर्वीची दगडी कबर, नाव चेटकिणीची झोपडी. द्राक्षांच्या शेतात मधोमध, तिकीट नाही, कुंपण नाही, नांगर आजूबाजूने फिरतो. शेतात दगडी घुमटीसारख्या खोपीही दिसतात, पाऊस-गारा आल्या की मजुरांनी आत शिरायचं.

आता खरी गोष्ट. परत येताना एका बागेत तोडणी चालू होती, दहा-बारा माणसं, वाकलेली. या बुटक्या वेलांचा हाच त्रास, आपल्याकडे मांडवाखाली हात वर करून मान दुखते, इथे कंबर जाते. आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून मराठीत बोलत होतो तर एक जण सरळ झाला आणि म्हणाला, "इंडिया से हो?" मी हो म्हंटलं, आप कहां से, तर म्हणाला गुजरात. दादा खूश, गुजरात म्हणजे आमच्या शेजारी, सापुताऱ्याच्या पलीकडे. तो हसला, "वो वाला नहीं, पाकिस्तान पंजाब का गुजरात." लोग्रोन्योत त्याच्याकडचे बरेच लोक आहेत म्हणाला, हा तोडणीचा हंगाम संपला की तो भाजीच्या शेतावर जातो. मग दादा आणि तो दहा मिनिटं बोलले, दादाची हिंदी निफाडची, त्याची पंजाबी वळणाची, पण विषय द्राक्ष असल्यामुळे अडलं नाही. रोज किती मिळतो, जेवण कोणाकडे, किती तास. मग दादाने त्याच्या हातातलं हत्यार मागितलं. कॉर्केते म्हणतात त्याला, विळ्यासारखं पण तळहाताएवढं, लाकडी मूठ, पातं आत वळलेलं. दादाने एक घड डाव्या हाताने धरून देठावर ओढलं, सटकन तुटला. परत एक. तिसऱ्यालाच त्याने मूठ बदलली, अंगठा पात्याच्या पाठीवर घेतला, आणि तो माणूस म्हणाला, "घर में अंगूर है क्या?"

त्याने एक घड हातात दिला. खायला गोड, पण बिया आणि साल इतकी की तोंडात राहते. बोटं जांभळी झाली ती दोन दिवस तशीच.

दिवस चौथा : लाग्वार्दिया ते सान विसेंते दे ला सोन्सिएर्रा

ट्रिपचा सगळ्यात सुंदर दिवस, फार लांब नाही, पंचवीसेक किलोमीटर. आधी उतार, एल्सिएगो. तिथे मार्केस दे रिस्काल ही 1858 ची बोडेगा, तिच्या आवारात फ्रँक गेहरीने बांधलेलं हॉटेल, 2006 चं, टायटॅनियमच्या गुलाबी, सोनेरी, चंदेरी पट्ट्या हवेत वळलेल्या. गुलाबी म्हणजे वाईन, सोनेरी म्हणजे बाटलीवरची जाळी, चंदेरी म्हणजे बुचावरची टोपी असं त्यामागचं गणित. जुन्या दगडी गावाच्या मागून ते अचानक वर येतं, मला तर आवडलं. दादा जरा बघत राहिला आणि म्हणाला, "वादळात पोल्ट्रीचे पत्रे असेच उडाले होते आपले."

तिथून बिय्याब्वेना. वस्ती जेमतेम तीनशेच्या आसपास आणि बोडेगा चाळीसच्या घरात, म्हणजे जवळजवळ घरटी वाईन. ट्रॅक्टरवर ट्रॉली, ट्रॉलीत काळा माल, वासच वेगळा, आंबट-गोड, आणि सगळीकडे माश्या. हे बघताना वाटतं की काय श्रीमंती आहे, पण एका ट्रॅक्टरवाल्याशी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बोललो (मी बोललो, फोनने भाषांतर केलं) तर गाऱ्हाणं ओळखीचंच निघालं. लाल वाईन लोक कमी पितात, माल जास्त, भाव पडलेले. गेल्या काही वर्षांत तर घड हिरवे असतानाच तोडून जमिनीवर टाकायला सरकारी मदत दिली गेली, माल कमी व्हावा म्हणून. हे दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला आपल्याकडे टोमॅटो रस्त्यावर टाकतात, त्याला मदत मिळत नाही एवढाच फरक.

सामानिएगो, मग आबालोस, इथे परत ला रिओहा प्रांत लागतो. मोठा रस्ता टाळून डावी-उजवीकडचे पांढरे शेतरस्ते धरले, फोनवरच्या नकाशात ते तुटक रेषेने दिसतात. रस्ता चांगला आहे, दाबलेला मुरूम, फक्त ट्रॅक्टर आला की बाजूला व्हा, तोडणीच्या दिवसांत त्याला घाई असते आणि रस्ता त्याचाच आहे.

सांता मारिया दे ला पिसिना हे बाराव्या शतकातलं छोटं देऊळ (चर्च म्हणा, पण माळावर एकटं उभं असलेलं देऊळच ते), त्याच्या बाजूला कातळात खोदलेल्या माणसाच्या आकाराच्या कबरी. आणि या भागात ठिकठिकाणी कातळात कोरलेले लागार आहेत. लागार म्हणजे द्राक्षं तुडवायची जागा. एक आम्ही नीट बघितला. वर उथळ चौकोनी हौद, दीड-दोन मीटरचा, त्याला एका कोपऱ्याकडे उतार, तिथे बोटभर भोक, आणि भोकाखाली दुसरा खोल खड्डा ज्यात रस जमायचा. दादाने बाटलीतलं पाणी वरच्या हौदात ओतलं. पाणी हळूहळू त्या कोपऱ्याकडे गेलं, भोकातून खाली पडलं, वर एक थेंब राहिला नाही. शेकडो वर्षांनी उतार जसाच्या तसा. "लेव्हल बघ," म्हणाला, "आपल्या गवंड्यानं बाथरूमला एवढा उतार दिला असता तर." मग उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि पुढचे सहा किलोमीटर मी कोरड्या घशाने चाललो.

सान विसेंते टेकडीवरच. या प्रदेशात सगळी गावं टेकडीवर, मुक्कामाआधी शेवटचे पंधरा मिनिटं घाम काढल्याशिवाय सोडतच नाहीत. पोचलो तीन वाजता आणि अर्थातच सगळं बंद. दुपारी दोन ते पाच दुकान उघडं सापडेल ही आशा सोडून द्या, सकाळीच पाव, चीज, फळं घेऊन ठेवा. रात्रीचं जेवणही नऊच्या आधी नाही. शाकाहारी माणसाचं तसं भागतं, बटाट्याची तोर्तिया (अंडं चालत असेल तर, दादाला नाही), भाजलेल्या लाल मिरच्या, पांढरा अस्पॅरॅगस, मिश्र भाज्यांची मेनेस्त्रा, पण मेनेस्त्रात हमखास हॅमचे तुकडे टाकतात, विचारून घ्या. पातातास आ ला रिओहाना नावाने बटाट्याची भाजी वाटते, त्यात चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतोच. इथली खरी मेजवानी म्हणजे द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या कोकराच्या चॉप्स, त्या मी खाल्ल्या, दादा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून फोनवर बाजारभाव बघत होता. काड्या जाळायची आयडिया त्याला आवडली, निखारा चांगला होतो म्हणाला.

दिवस पाचवा : ब्रिओनेसमार्गे आरो

सिएर्सो सुटलं. एब्रोवरच्या जुन्या दगडी पुलावर सायकल हातात धरून चाललो. पलीकडे चारेक किलोमीटरवर ब्रिओनेस, तिथे विवांको वाईन म्युझियम, 2004 साली सुरू झालेलं. म्युझियम म्हंटल्यावर मी तासाभराचा हिशोब धरला होता, अडीच तास गेले. बूच काढायचे स्क्रू तीन हजारांच्या वर मांडलेत, एवढे कशाला हा प्रश्न मला पडला, पण बाहेर बागेत जगभरच्या द्राक्षजाती लावल्यात, दोनशेहून जास्त, तिथून दादाला ओढून काढावं लागलं.

ब्रिओनेसहून आरो (नकाशात हारो दिसेल) नऊ-दहा किलोमीटर, सगळं वारं तोंडावर. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दिवस सहावा : आरो, पायी

सकाळपासून पाऊस, सायकल बंद. बरंच झालं, कारण आरो चालत बघायचं गाव आहे, विशेषतः स्टेशनचा मोहल्ला. 1863 मध्ये इथे रेल्वे आली, बिल्बाओ बंदराशी जोडणारी. त्याच सुमारास फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षांची मुळं खाऊन बागाच्या बागा संपवल्या, तिकडचे बोर्दोचे व्यापारी वाईन शोधत इकडे आले, आणि रेल्वेत पिंपं चढवायला सोपं म्हणून बोडेगा स्टेशनला चिकटूनच उभ्या राहिल्या. लोपेस दे एरेदिया 1877, कूने 1879, ला रिओहा आल्ता 1890, मूगा 1932. आजही सगळ्या तिथेच, एकीतून बाहेर पडा की दुसरीचं गेट. पैसा एवढा आला की 1890 मध्ये आरोच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले, स्पेनमध्ये अगदी सुरुवातीच्या गावांपैकी. लांबून येणारे लोक म्हणायचे, दिवे दिसले म्हणजे आरो आलं.

मग शतक संपता संपता तीच कीड इथेही आली. उपाय एकच, अमेरिकन जातीच्या खुंटावर आपल्या वेलाचं कलम, कारण त्या मुळांना ती कीड मारत नाही. दादा हे सगळं मन लावून ऐकत होता, कारण त्याचीही बाग डॉगरिज खुंटावर आहे, आणि डॉगरिजही मूळ अमेरिकेचा, टेक्सासचा. आपल्याकडे तो किडीसाठी नाही, पाण्याच्या टंचाईसाठी आणि खारट जमिनीसाठी लावतात, पण कलम भरायची पद्धत तीच.

कूनेमध्ये एक दालन आहे गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीने बांधलेलं, मधे एकही खांब नाही, म्हणजे पिंपं हलवायला अडथळा नाही. लोपेस दे एरेदियात भिंतींवर कोळ्यांची जाळी मुद्दाम काढत नाहीत, कोळी बुचं पोखरणारे पतंग खातात म्हणून. पिंपं 225 लिटरची, ओकची. वाईन किती मुरवली यावरून नावं : क्रिआन्सा म्हणजे किमान दोन वर्षं, त्यातलं एक पिंपात, रेसेर्वा तीन वर्षं, ग्रान रेसेर्वा पाच. दादाने लगेच विचारलं, पाच वर्षं माल पडून राहिला तर शेतकऱ्याचे पैसे कधी? गाईड बाई हसल्या, उत्तर काही दिलं नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी कळलं की काही जुन्या घरांत अजून वाईन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरतात, तो गाळ पकडून खाली बसतो. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे तू मला द्राक्षाचं पाणी म्हणून पाजणार होता ते शाकाहारी पण नव्हतं." मी त्याला कधीच पाजणार नव्हतो, हे इथे लिहून ठेवतो.

29 जूनला इथल्या बिलिबियोच्या कड्यापाशी वाईनची लढाई असते, पांढरे कपडे घालून हजारो लोक एकमेकांवर लाल वाईन उडवतात, बादल्यांनी, फवारणीच्या पंपांनी. पाठीवरच्या पंपांचे फोटो दादाने दोनदा झूम करून बघितले.

दिवस सातवा : आरो ते एस्काराय

आरोहून एस्कारायला 1916 ते 1964 नॅरो गेज रेल्वे होती, ती बंद झाली आणि त्या रुळांच्या जागेवर आता कासालार्रेइनापासून पुढे अठ्ठावीस किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. रेल्वेचा रस्ता म्हंटल्यावर चढ जाणवत नाही पण असतो, दिवसभरात तीनशे-साडेतीनशे मीटर वर गेलो आणि कुठेही धाप लागली नाही. बाजूने ओहा नदी, नदी म्हणजे पात्रभर पांढरे गोटे. द्राक्षं हळूहळू संपतात, मग गहू काढलेली रानं, बटाटा, मग डोंगर जवळ येतात. काही ठिकाणी खडी सैल आहे, पॅनियर लावून चाक मागून सरकतं.

एस्काराय घोंगड्यांसाठी प्रसिद्ध, मोहेअरच्या मऊ शाली. किंमत बघून हात लावला आणि ठेवून दिली.

दिवस आठवा : सांतो दोमिंगो, सान मिय्यान, नाहेरा

सगळ्यात लांब दिवस. सकाळी तोच मार्ग उलटा, उतारावर, चौदा किलोमीटर कधी गेले कळलं नाही. सांतो दोमिंगो दे ला काल्सादा हे कामिनो दे सांतियागो या ख्रिस्ती यात्रेच्या वाटेवरचं गाव, पाठीवर सॅक घेतलेले यात्रेकरू रस्ताभर. 1109 मध्ये वारलेल्या दोमिंगो नावाच्या साधूने यात्रेकरूंसाठी इथे रस्ता आणि पूल बांधला, त्याच्याच नावाने गाव. कॅथेड्रलमध्ये आत, उंचावर एका सुशोभित खुराड्यात जिवंत कोंबडा आणि कोंबडी ठेवतात. निरपराध मुलाला फाशी दिली, साधूच्या कृपेने तो जिवंत राहिला, न्यायाधीश म्हणाला तो जिवंत असेल तर माझ्या ताटातली भाजलेली कोंबडीही उठेल, आणि ती उठून आरवली, अशी कथा. आम्ही होतो तेव्हा कोंबडा आरवला. दादाने हात जोडले. यात्रेकरूंना बघून म्हणाला, यांचं सगळं बरोबर आहे, पण हे गप्प गप्प का चालतात, टाळ नाही, काही नाही.

पुढे कान्यासमार्गे सान मिय्यान दे ला कोगोय्या. रात्रीच्या पावसाने लाल माती ओली होती, आम्ही शेतरस्ता धरला, आणि ती माती टायर आणि फ्रेमच्या मधे अशी भरली की चाकच फिरेना. काडीने उकरून काढायची, पन्नास मीटर जायचं, परत उकरायची. शेवटी डांबरी रस्त्यावर आलो. पाऊस झाल्यावर दक्षिण बाजूच्या लाल मातीत जाऊ नका, उत्तर बाजूला चालतं.

सान मिय्यानला दोन मठ, वर जंगलात सुसो आणि खाली युसो, 1997 पासून युनेस्कोच्या यादीत. सुसोला आपली सायकल नेऊ देत नाहीत, युसोहून छोटी बस नेते. इथल्या एका लॅटिन पोथीच्या समासात कुणा साधूने लोकांच्या बोलीत अर्थ लिहून ठेवले, काही बास्कमध्येही, आणि स्पॅनिशच्या अगदी सुरुवातीच्या लेखनात ते धरलं जातं. शेजारच्या बेर्सेओ गावचा गोन्सालो हा तेराव्या शतकातला कवी, विद्वानांची लॅटिन सोडून शेजाऱ्याशी बोलतो त्या भाषेत लिहिणारा, आणि कवितेच्या बदल्यात चांगल्या वाईनचा एक पेला मागणारा. मी दादाला एवढं सांगितलं तर म्हणाला, "तेरावं शतक? म्हणजे माउलींच्याच काळातला." बराच वेळ त्या सुसोच्या कमानीखाली बसून होता, बूट काढून. बसवाला हाका मारत होता.

नाहेराला पोचेपर्यंत अंधार पडत आला. जर्सी, बूट, साखळी, सगळं लाल.

दिवस नववा : परत लोग्रोन्यो

वारं पाठीवर. नाहेराहून नावार्रेते, तिथे मातीच्या भांड्यांची दुकानं, मग ला ग्राहेराचं तळं आणि खाली शहर. यात्रेकरू आमच्या उलट्या दिशेने चालत होते, सिएर्सो तोंडावर घेऊन, प्रत्येकाला "ब्वेन कामिनो" (वाट सुखाची होवो) म्हणत आम्ही नुसते वाहत गेलो.

सायकली परत देण्याआधी पेट्रोल पंपावर नाणी टाकून पाण्याच्या प्रेशरने धुतल्या, नाहीतर धुण्याचे वेगळे पैसे घेतात. नंतर दादाला एक काडी हवी होती, तेंप्रानियोची, दोन डोळ्यांची, घरी लावून बघायला. मी नाही म्हंटलं, रोपांच्या काड्या अशा विमानातून नेता येत नाहीत, आणि तुला फिलॉक्सेराची सगळी स्टोरी ऐकवली ती कशासाठी. त्याने ऐकलं, पण तोंड बारीक केलं. मग हार्डवेअरच्या दुकानातून दोन कॉर्केते घेतले, ते चेक-इन बॅगेत.

पुढच्या वेळी मे महिन्यात यायचं, वेल फुटलेले असताना, असं मी म्हणत होतो. दादाचं लक्ष नव्हतं. घरून फोन आला होता, निफाडला पाऊस उघडला, शेजारच्यांनी छाटणी धरली, तू कधी येतो.